'एम आणि हूमराव' : आजाराबरोबरचा संसार

जेरी पिंटो यांच्या 'एम अँड द बिग हूम' (२०१२) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त इंग्रजी कादंबरीचा शांता गोखले यांनी 'एम आणि हूमराव' हा अनुवाद केला आहे. माहीमच्या लहानशा घरातील गोवेकर ख्रिस्ती इमेल्डा कधी उन्मादात अखंड बोलते, तर कधी विषण्णतेत जीव द्यावयास निघते. मराठी नाटक-चित्रपटांतील 'वेडी' बहुधा प्रसंगापुरती येते व दयेची धनी होऊन जाते. इमेल्डा मात्र विडी ओढत, चावट विनोद करीत राहते. तिचे हे 'राहणे' हेच या कादंबरीचे कथानक होय. निवेदक मुलगा आईविषयीची चीड लपवीत नाही, आणि हा द्विध्रुवीय मनोविकार आपल्यालाही जडेल ही भीतीही. 'बिग हूम'चा 'हूमराव' करताना अनुवादिकेने घरगुती थट्टा व आदर दोन्ही राखले आहेत.

मात्र वडिलांची स्थिर नोकरी आणि शहरातलेच जे. जे. रुग्णालय हे या संसाराचे आधार आहेत. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूरच्या कुटुंबास रुग्णाला मनोरुग्णालयात दाखल करावयाचे झाल्यास नागपूर गाठावे लागते. धानाच्या रोवणीत सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते. लिथियमसारखे औषध तर वर्षानुवर्षे, रक्ततपासणीसह घ्यावयाचे असते. अशा घरी हूमरावाची जागा कोण घेणार, हा प्रश्न कादंबरीच्या कक्षेबाहेर राहतो.