खेद, प्रायश्चित्त आणि पीडिताचे स्थान

राज्यकर्त्यांनी आणि समाजधुरिणांनी व्यक्त केलेल्या खेदाचे मूल्यमापन करताना वक्त्याच्या गहिवराकडे प्रथम लक्ष जाते. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्या खेदात कोणते स्थान मिळाले, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न होय. त्यासाठी परक्या मोजपट्टीची गरज नाही; विनयपिटकात ती उपलब्ध आहे.

चुल्लवग्गात सुधम्म भिक्खूची कथा येते. त्याने मच्छिकासंड येथील चित्त गहपतीचा अपमान केला. तथागतांनी संघाकरवी त्याच्यावर पटिसारणीय कर्म लादले, म्हणजे त्याने स्वतः जाऊन त्या गृहस्थाची क्षमा मागावी असे ठरविले. सुधम्म तेथवर गेला, पण लाजेने क्षमा न मागताच परतला. तेव्हा सोबत दुसरा भिक्खू देऊन त्यास पुन्हा पाठविण्यात आले. चीवरधारी भिक्खूने उपासकापुढे जावे आणि क्षमा करणे न करणे उपासकाच्या हाती असावे, हा या नियमाचा गाभा आहे.

या कसोटीवर सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेखही तपासला पाहिजे. कलिंग युद्धात दीड लक्ष लोक देशोधडीस लागले, एक लक्ष मारले गेले, याची कबुली विजेत्या राजाने स्वतः दिली, ही जगाच्या इतिहासातील असामान्य घटना होय. तथापि त्याच लेखात अटवीतील जमातींना राजाच्या सामर्थ्याची जाणीव करून दिली आहे, आणि देशोधडीस लागलेल्यांना परत आणल्याचा उल्लेख नाही. शिवाय कलिंगातील धौली व जौगड येथे हा लेख कोरलेलाच नाही. तेथे अधिकाऱ्यांना उद्देशून स्वतंत्र आज्ञा आहेत : कोणासही अकारण बंधनात टाकू नये, छळू नये. खेदाचे शब्द कलिंगवासीयांपर्यंत पोहोचविले गेले नाहीत. न्यायाची आज्ञा मात्र पोहोचली. अशोकाचे मोठेपण आणि त्याची मर्यादा दोन्ही येथे दिसतात.

आधुनिक काळात, १९३२ च्या पुणे करारानंतर, अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त ही भाषा रूढ झाली आणि हरिजन सेवक संघ उभा राहिला. या संघाच्या व्यवस्थापनात अस्पृश्यांनी प्रतिनिधित्व मागितले, तेव्हा हे स्पृश्यांचे प्रायश्चित्त आहे, ऋण फेडणे हे ऋणकोचे काम आहे, अशी गांधीजींची भूमिका होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात तिची कठोर चिकित्सा केली. ऋण किती आणि ते कसे फेडायचे, हे धनकोला न विचारता ऋणकोनेच ठरवावे, हा कोणता न्याय? सुधम्माला चित्ताच्या दारी जावे लागले होते. येथे चित्ताला दाराबाहेरच ठेवले गेले.

याच्या बारा वर्षे आधी कोल्हापूर संस्थानात वेगळे घडले होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झालेल्या गंगाराम कांबळे यांना छत्रपती शाहू महाराजांनी हॉटेल काढून दिले आणि तेथे जाऊन स्वतः चहा घेतला, हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे २१ व २२ मार्च १९२० ची माणगाव परिषद. बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. महाराज तेथे आले आणि, तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. अस्पृश्यांच्या सभेत राजाने येऊन त्यांचे नेतृत्व मान्य करणे, यात प्रायश्चित्त हा शब्द न उच्चारताही त्याचा अर्थ आला आहे.

अर्थात ही कृती एका राजाच्या इच्छेवर अवलंबून होती, आणि ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. कोणाच्याही अनुतापावर विसंबून राहावे लागू नये यासाठीच संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण दंडनीय ठरविले. यापुढे कोणी सार्वजनिक व्यासपीठावरून खेद व्यक्त करील, तेव्हा बौद्ध उपासकांनी एवढेच विचारावे : तो कोणाच्या दारी गेला, आणि तेथील माणसाला नकार देण्याचा अधिकार होता काय?