लॉगिन मिळालं, बोर्डिंगचं काय?

(शिवाजी पेठ, कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, विद्यापीठातल्या एलएमएसवर बोलतो. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. आम्हाला वाटलं शंकराचार्य नाहीतर कांट." (हशा) मी म्हटलं, शिकणं म्हणजे काय हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. तो आता संगणक विभागाच्या आणि खरेदी समितीच्या टेबलावर गेलाय, म्हणून मी त्याच्या मागोमाग तिकडं निघालोय.

एलएमएस म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम. ज्येष्ठ मंडळींसाठी सोप्या शब्दांत सांगतो. ही संगणकावरची एक जागा. प्राध्यापक तिथं टिपणं, व्हिडिओ ठेवतो, स्वाध्याय देतो, चाचणी घेतो. विद्यार्थी आपलं नाव आणि पासवर्ड टाकून आत जातो, वाचतो, उत्तरं पाठवतो. कोण कधी आला, काय उघडलं, याची नोंद आपोआप राहते.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि महाविद्यालयांची दारं बंद झाली. तेव्हा कुणी व्हॉट्सॲपवर शिकवलं, कुणी झूमवर, कुणी गूगल क्लासरूममध्ये. ज्याला जे जमलं ते. त्याच वर्षी जुलैत नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. पुढच्या वर्षी यूजीसीनं एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून करायची मुभा दिली. नॅकसमोर जायचं तर तंत्रज्ञान किती वापरता हेही दाखवावं लागतं. अशा सगळ्या बाजूंनी विद्यापीठांवर रेटा आहे की एकच प्रणाली घ्या आणि सगळ्या महाविद्यालयांना लावा. एक परिपत्रक निघतं, दोन तासांची कार्यशाळा होते, आणि काम झालं असं आपण समजतो.

मी या यंत्राच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. टाळेबंदीत ज्यांनी मोबाइलच्या पडद्यावरून वर्ग चालू ठेवले, त्या प्राध्यापकांना माझा नमस्कार आहे. माझी तक्रार वेगळी आहे. पण टीका करायची तर आधी ग्रंथ वाचावा लागतो. म्हणून मी मूडल वाचलं. 'वाचलं' असंच म्हणतो.

मूडल ही जगभर वापरली जाणारी एलएमएस. मोफत आणि खुली. आयआयटी मुंबईतही ती वापरतात. मार्टिन डुजियामास या ऑस्ट्रेलियन गृहस्थानं ती लिहिली आणि 2002 साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. या माणसाचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात गेलं. शाळा शेकडो मैल लांब. तिथं 'स्कूल ऑफ द एअर' असते, म्हणजे बाई रेडिओवरून शिकवतात आणि अभ्यासाचं साहित्य विमानानं येतं. जो मुलगा स्वतः शाळेपासून एवढा लांब होता, त्यानं पुढं ही प्रणाली बांधली. आपल्या चंदगड-गगनबावड्याच्या पोराची अडचण त्याला सांगायला नको.

त्यानं ती एका सिद्धांतावर बांधली. सिद्धांत असा, की माणूस दुसऱ्यासाठी काहीतरी घडवताना शिकतो. म्हणून मूडलमध्ये चर्चेची जागा आहे. मुलांनी मिळून लिहायचा विकी आहे, मुलांनी रचायचा शब्दकोश आहे. एकमेकांचे निबंध तपासण्याची सोय आहे. म्हणजे ग्रंथाचं म्हणणं स्पष्ट आहे: विद्यार्थ्याला कामाला लावा.

आता आपण तो ग्रंथ कसा वाचला ते सांगतो. मध्यंतरी एका महाविद्यालयात पाहुणा म्हणून गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण दुसरीकडं फार निराळं चित्र असेल असं मला वाटत नाही. एका तरुण प्राध्यापकानं कौतुकानं आपला अभ्यासक्रम पडद्यावर दाखवला. पाच घटक, पाच पीडीएफ, शेवटी एक बहुपर्यायी चाचणी. चर्चेच्या जागेत एकच संदेश होता, 'सर्वांचे स्वागत आहे', तोही सरांचाच. (हशा) शब्दकोश रिकामा. मात्र बहुतेक मुलांच्या नावापुढं प्रगतीची पट्टी पूर्ण भरलेली.

बाहेर आल्यावर मी एका पोराला विचारलं, "बाळ, तिसऱ्या घटकात काय आहे रे?" तो प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, खाली 'मार्क ॲज डन' म्हणून बटण असतंय. ते दाबलं की झालं." मी विचारलं, "आणि वाचायचं?" म्हणाला, "परीक्षेच्या आधी वाचतो की."

त्या पोराला मी दोष देत नाही. त्यानं व्यवस्था अचूक ओळखली होती. जे मोजलं जातं ते त्यानं पुरवलं. आपल्याकडं ज्ञानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, श्रवण, मनन आणि निदिध्यासन. ऐकायचं, मग त्यावर तर्कानं विचार करायचा, मग त्याचा ध्यास घ्यायचा. प्रणालीला यातली पहिली पायरीसुद्धा धड दिसत नाही. तिला फाइल उघडल्याचं दिसतं. आणि फाइल उघडली म्हणजे श्रवण झालं, असं आपण ठरवून टाकलं.

पेठेत बोलतोय म्हणून तालमीचं उदाहरण देतो. वस्ताद काय करतो? पोरगं डाव टाकतं तेव्हा तो त्याच्या पायाकडं बघतो, भार कुठं पडलाय ते बघतो. तालमीच्या वहीत हजेरी रोज लागली, म्हणून कुणी पैलवान होत नाही. वही पाहिजेच, मी नाही म्हणत नाही. पण वही आणि वस्ताद यांत गल्लत झाली की तालीम बुडाली. एलएमएस ही फार चांगली वही आहे. तिच्याकडं बघून पुढचा डाव शिकवणारा वस्ताद हवा, आणि त्याला तेवढा वेळ हवा. शेकड्यांनी मुलं, तासिका तत्त्वावरची नेमणूक, पुढच्या वर्षी नोकरी राहील का याची खात्री नाही. असा प्राध्यापक पीडीएफ टाकून मोकळा होतो, तेव्हा तो आळशी आहे असं मी तरी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट घाईची. 2017 साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. ती शिकण्याची प्रणाली नव्हती, तपासण्याची होती. पण धडा तोच आहे. साधारण 17 लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, हजारो परीक्षकांनी नव्या पद्धतीनं तपासायच्या, आणि हे सगळं त्याच उन्हाळ्यात. कायद्यानं निकाल 45 दिवसांच्या आत लागायला हवेत. कुलपतींनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. निकाल रखडत सप्टेंबरपर्यंत गेले. पुढच्या प्रवेशांना मुलं खोळंबली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. 1857 साली स्थापन झालेल्या विद्यापीठावर ही वेळ आली.

पडद्यावर तपासणं ही काही वाईट कल्पना नव्हे. गुणांची बेरीज चुकत नाही, उत्तरपत्रिका गठ्ठ्यानं फिरवाव्या लागत नाहीत. पण एखाद्या विद्याशाखेत एखादं सत्र चालवून पाहावं, अडलं कुठं ते नोंदवावं, मग पुढं जावं, हा साधा शहाणपणा राहून गेला. आणि त्याची किंमत कुणी दिली? कुलगुरूंचं पद गेलं हे खरं, पण ज्याचा निकाल वेळेत हातात आला नाही त्या पोराचं अख्खं वर्ष टांगणीला लागलं. नव्या यंत्राचा प्रयोग सगळ्यांवर एकदम केला, की चूकही सगळ्यांच्या वाट्याला एकदम येते.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो त्या मुद्द्यावर येतो.

या कोल्हापुरात शाहू महाराजांनी काय केलं? शाळा काढल्या, 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या आधी, 1901 पासून, त्यांनी बोर्डिंगं उभी केली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, पुढं लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. का काढली? शाळेचं दार उघडं ठेवून भागत नाही, हे त्यांनी ओळखलं म्हणून. खेड्यातल्या मुलानं कोल्हापुरात यायचं, तर रात्री निजायचं कुठं? जेवायचं कुठं? दिवा कुणाचा? कागदावर दार सगळ्यांना उघडं असतं. आत येऊन टिकतात ती ज्यांची आधीच सोय आहे तीच मुलं. शाहू महाराजांनी दाराच्या पुढचा प्रश्न विचारला.

लॉगिन हे आजचं दार आहे. प्रत्येकाला सारखं मिळतं, आणि म्हणून आपल्याला वाटतं समता झाली. पण एक मुलगी मला भेटली होती, डोंगराकडच्या वाडीतली. घरात एकच स्मार्टफोन, तो दिवसभर भावाबरोबर कामावर. रात्री तो आला की फोन हिच्या हातात. घरात रेंज नाही, म्हणून वाडीच्या वरच्या अंगाला जायचं. अंधारात एकटी जाऊ देत नाहीत, म्हणून आईला बरोबर घ्यायचं. स्वाध्यायाची मुदत रात्री बाराला संपते. पडद्यावरचं पान सगळं इंग्रजीत, पोरगी मराठी माध्यमातली. प्रणालीत तिच्या नावापुढं 'उशिरा सादर' असं लाल अक्षरात येतं. मंडळी, त्या लाल अक्षरात तिची आई दिसत नाही. (शांतता)

याच जिल्ह्यातल्या, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीच्या जे. पी. नाईकांनी भारतीय शिक्षणाचा त्रिकोण मांडला. समता, गुणवत्ता आणि संख्या. या तिन्ही बाजू एकदम साधत नाहीत, हे त्यांचं दुखणं होतं. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते ते, आकडे त्यांना कळत होते. एलएमएस विकणारा प्रत्येक जण सांगतो की आमच्याकडं तिन्ही बाजू मिळतील. मी म्हणतो, संख्या नक्की मिळेल. उरलेल्या दोन बाजू विकत मिळत नाहीत, त्या आपण उभ्या करायच्या असतात.

म्हणजे काय करायचं? टीका करून घरी जाणं सोपं आहे, म्हणून सांगतो. प्रत्येक महाविद्यालयाची संगणक खोली आणि ग्रंथालय संध्याकाळी उघडं ठेवा, आणि शेवटच्या एसटीच्या वेळेचा विचार करून ठेवा. हे आजचं बोर्डिंग. मूडलच्या ॲपमध्ये साहित्य एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय वाचता येतं. ते मुलांना शिकवा, आणि व्हिडिओ जड ठेवू नका. मूडलला मराठीचा भाषासंच आहे. तो अपुरा वाटला तर आपला मराठी विभाग कशासाठी आहे? लॉगिनवरून हजेरी धरू नका. मुदत रात्री बाराची न ठेवता दोन-तीन दिवसांची ठेवा. प्राध्यापक पडद्यावर जे तास घालवतो ते त्याच्या कार्यभारात मोजा. आणि सगळ्यांना लावण्याआधी थोड्या महाविद्यालयांत एक वर्ष चालवा. त्यात एक शहरातलं असू दे, एक डोंगरातलं.

एक तरुण मित्र आत्ता येताना म्हणाला, "सर, एवढं सगळं जमेपर्यंत थांबायचं का? जग पुढं जाईल." रास्त प्रश्न आहे. थांबू नका. पण शाहू महाराजसुद्धा सगळी मुलं शहाणी होईपर्यंत थांबले नव्हते. त्यांनी दार आणि बोर्डिंग दोन्ही बांधायला घेतलं. आपण दाराचं टेंडर काढतो, बोर्डिंगचं अंदाजपत्रकच करत नाही. माझं भांडण एवढंच आहे.

आपलं शिवाजी विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 ला सुरू झालं. उद्घाटनाला राष्ट्रपती राधाकृष्णन आले होते, म्हणजे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापकच. तेव्हा या विषयात आमच्या लोकांचा थोडा हक्क आहे, असं समजा. (हशा) अधिसभेत, विद्या परिषदेत तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर त्यांना माझ्या वतीनं एकच विचारा. प्रणालीवर किती खर्च झाला ते सांगाच. पण वाडीच्या वरच्या अंगाला आईला घेऊन उभ्या राहणाऱ्या त्या पोरीसाठी किती ठेवलेत, तेही सांगा.