मालेगावचा सुपरमॅन आणि औंढ्याचे आकाश

विज्ञानकथेवर चित्रपट काढायचा म्हणजे कोट्यवधी रुपये हवेत, ही समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. यान हवे, परग्रहवासी हवा, संगणकाची करामत हवी. आणि हे सारे हॉलिवूडलाच परवडते. म्हणून मराठीत विज्ञानकथा वाचली जाते, पडद्यावर मात्र क्वचितच येते. ही समजूत तपासायला हिंगोलीहून फार लांब जायला नको. मालेगावपर्यंत गेले तरी पुरे.

यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे सुपरमॅनला हात घातला. त्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी 2008 साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. नायक शफीक हा यंत्रमाग कामगार, अंगाने काडीसारखा. आडव्या खांबावर पोटाशी बांधून त्याला ‘उडवले’ जाते. मागे हिरवा पडदा, आकाश नंतर जोडायचे. कॅमेरा पाण्यात पडतो, काम थांबते, पुन्हा सुरू होते. प्रेक्षक हसतो, पण ते हसू त्या माणसांना हिणवणारे नसते.

आमच्या मते या चित्रपटाचे मोल जुगाडात नाही. अमेरिकेत 1938 साली कॉमिकमध्ये जन्मलेल्या या वीराला मालेगावात आणल्यावर नासिर यांनी एकच प्रश्न विचारला: आमच्या गावाचा शत्रू कोण? उत्तर आले तंबाखू. म्हणून हा सुपरमॅन पृथ्वी वाचवत बसत नाही, व्यसनाशी झुंजतो. आणि 2011 साली शफीक तोंडाच्या कर्करोगाने तरुणपणीच गेला. पडद्यावरचा शत्रू खोटा नव्हता, हे इतक्या क्रूरपणे सिद्ध व्हायला नको होते. 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांमुळेच ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रांत गाजले, त्या गावाने स्वतःबद्दल स्वतःच्या तोंडाने सांगितलेली ही गोष्ट आहे.

तरी कौतुकापाशी थांबणे बरे नव्हे. हे चित्रपट विडंबनाच्या आधाराने उभे आहेत. मूळ चित्र डोळ्यांसमोर नसेल तर निम्मी गंमत जाते. गावातल्या स्त्रिया पडद्यावर येत नाहीत, नायिका बाहेरून आणावी लागते. ज्या कलेत गावाची अर्धी माणसे नाहीत, ती गावाची गोष्ट पुरी कशी सांगणार? 2025 मध्ये प्रदर्शित झालेल्या रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ने या मित्रांची कहाणी देशभर नेली, हे चांगलेच झाले, पण पुढचे पाऊल गावांनाच टाकावे लागेल.

ते पाऊल म्हणजे विडंबनाकडून कादंबरीकडे, कथेकडे जाणे. स्ट्रुगात्स्की बंधूंच्या ‘रोडसाइड पिकनिक’ या 1972 च्या रशियन कादंबरीत परग्रहवासी येऊन गेलेले असतात आणि मागे चमत्कारिक वस्तू पडलेल्या असतात. तार्कोव्हस्कीने 1979 साली त्यावर ‘स्टॉकर’ केला तेव्हा त्या वस्तू जवळजवळ साऱ्या गाळल्या. उरले गवत, पाणी, पडके कारखाने आणि इच्छा पुरी करणाऱ्या खोलीकडे निघालेले तीन पुरुष. पडद्यावर भीतिदायक असे काही नसते. पण ती माणसे भितात, म्हणून आपणही भितो.

अशी खोली मराठीतही आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेल्या पहिल्या कथेचे नावच ‘कृष्णविवर’. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे शास्त्र आहे. तिथून तरुणच परतलेला बाप आणि दरम्यान म्हातारा झालेला मुलगा समोरासमोर बसवायला किती खर्च येईल? दोन नट, एक खाट, चहाचे दोन कप. आखातातून वर्षांनी परतलेला बाप ज्या घरांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही.

आणि हिंगोली जिल्ह्याला तर या विषयावर हक्कच आहे. आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. 2023 साली केंद्राने तिला सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या अशाच यंत्राने 2015 मध्ये जी पहिली लहर टिपली, ती दोन कृष्णविवरांच्या मीलनाचीच होती. हे यंत्र इतके नाजूक की जमिनीचा बारीकसा कंपही त्याला चालत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा थरकाप ऐकण्यासाठी यंत्राला शांतता हवी आणि शेजारच्या शिवारात ट्रॅक्टर चालवल्याशिवाय पोट भरत नाही. याहून चांगली विज्ञानकथा कोणती?

वेधशाळेला 2,600 कोटी लागतात, ते लागू देत. तिच्या शेजारच्या माणसाची गोष्ट सांगायला आता खिशातला मोबाइलही पुरतो. शफीकला उडायला एक खांब पुरला होता. आपल्या मुलामुलींनी ‘कृष्णविवर’ हातात घ्यावे आणि त्यातला प्रश्न आपल्या अंगणात विचारावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.