ट्रान्स-हिमालयाचा 'शोध' : एक परीक्षण

स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन यांचा 'ट्रान्स-हिमालय' हा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्सांगपो नदीच्या उत्तरेस, तिबेटच्या उंच व रुक्ष पठारावर पसरलेली पर्वतरांग हा त्याचा विषय. १९०६ ते १९०८ या काळात हेडिन यांनी ही रांग अनेकदा ओलांडली आणि नकाशावरील मोठी कोरी जागा भरून काढली. त्यांचे हे परिश्रम आम्ही नाकारीत नाही. आमचा आक्षेप आहे तो ग्रंथाच्या उपशीर्षकात मिरविलेल्या 'शोध' या शब्दास.

हा शोध कोणासाठी? या रांगेच्या पश्चिम भागास तिबेटी लोक गांगदिसे, तर पूर्व भागास न्येनचेन थांगल्हा म्हणत आले आहेत. कैलासाची प्रदक्षिणा करणारे बौद्ध यात्रिक तेथे शतकानुशतके जात होते. कोरा होता तो युरोपचा नकाशा, पर्वत नव्हे.

मापनाचा इतिहासही हेडिन यांच्यापासून सुरू होत नाही. कुमाऊँमधील मिलम गावचे शाळाशिक्षक नैनसिंग रावत यांना ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने वेषांतर करवून तिबेटात धाडले. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासास पोहोचले. पुढे १८७४ साली लेहहून ल्हासाकडे जाताना ते याच रांगेच्या उत्तरेने चालत गेले. अंतर ते पावलांनी मोजीत आणि उंची पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून काढीत. १०८ मण्यांची जपमाळ १०० मण्यांची करण्यात आली होती. दर शंभर पावलांस एक मणी सरके. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी टिपणांचे कागद लपविलेले असत.

श्रद्धेची साधने अशा रीतीने हेरगिरीस जुंपली गेली, याचा विषाद आम्हांस वाटतो. परंतु त्याचा मुख्य दोष योजना आखणाऱ्या सत्तेकडे जातो. पकडले जाण्याचा धोका मात्र चालणाऱ्याच्या वाट्यास आला. १८६८ साली लंडनमध्ये अहवाल छापला गेला तेव्हा गुप्ततेस्तव त्यांचा निर्देश केवळ 'पंडित' असा झाला. सुवर्णपदक मिळाले ते १८७७ साली.

हेडिन यांनी 'सदर्न तिबेट' या १९१७ ते १९२२ दरम्यानच्या बहुखंडी ग्रंथात पूर्वसूरींच्या कार्याचा विस्तृत परामर्श घेतला, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. तथापि सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला तो साहसकथेचा ग्रंथ. त्यातही काफिल्याचा भार लडाखी सोबत्यांवर होता. त्यांचा नायक महंमद इसा १९०७ मध्ये वाटेतच मरण पावला.

म्हणून हा ग्रंथ वाचकांनी अवश्य वाचावा. मात्र 'शोध' हा शब्द येईल तेथे थांबून, तेथे आधी कोण राहत होते आणि कोणाच्या पावलांनी ते अंतर मोजले गेले, हे विचारावे.