हुतात्म्यांची कविता आणि संवेग

नामांतराच्या लढ्याने मराठवाड्याला विपुल कविता दिली. दरवर्षी १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ ती गायिली जाते, पुस्तिकांच्या रूपाने विकलीही जाते. तिचा गौरव पुष्कळ झाला, परीक्षण मात्र फारसे झाले नाही. ते व्हावयास हवे. कारण या कवितेत मृतांची नावे आहेत.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे ४ ऑगस्टला मारले गेले. तेथे मारेकरी गावचेच होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण ठार झाले. येथे मारेकऱ्याच्या अंगावर शासनाचा गणवेश होता. आमच्या बहुतेक कवींनी मात्र हे दोन्ही प्रसंग एकाच शब्दकळेत बसविले: आग, राख, सूर्य, निळे वादळ. ही प्रतिमासृष्टी दया पवारांच्या ‘कोंडवाडा’च्या, वामन निंबाळकरांच्या ‘गावकुसाबाहेरील कविते’च्या काळात गावाशी चाललेल्या झगड्यातून घडली आणि त्या काळी ती जिवंत होती. शासनाशी झगडताना ती अपुरी पडते. शासन गोळीबाराबरोबरच त्याचे निवेदनही तयार करते. घाटकोपरला जमाव गॅसचा टँकर पेटविणार होता, असे निवेदन पोलिसांनी केले. गुंडेवार आयोगाने ते मान्य केले नाही. ज्या कवितेत तो टँकर कोठेच नाही, ती घाटकोपरची कविता नव्हे, असे आम्ही म्हणू. तिच्यातील गावाचे नाव बदलले तरी तिचे काही बिघडत नाही, हाच तिचा दोष.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर चौथ्या दिवशी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. या दोघांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि त्यांच्या मरणाला ज्योत, पहाट, अभिषेक म्हणणारी कविता वीस वर्षांच्या मुलाच्या हाती पडते, तेव्हा ती त्याला काय सुचविते? ज्या चळवळीला एकेक माणूस हवा आहे, तिच्या कवीने मरणाला इतके सुंदर करू नये. घोगरे गात राहिले असते, ही हळहळ कवितेत अधिक यावयास हवी होती.

सुत्तनिपातातील ‘अत्तदण्ड सुत्त’ येथे मार्ग दाखविते. अट्ठकथेने ते शाक्य व कोलिय यांच्या रोहिणीच्या पाण्यावरील तंट्याशी जोडले आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहत्यागाचे कारण याच तंट्यात पाहिले. शस्त्रातून भय जन्मते येथून हे सुत्त निघते. बोलणारा प्रथम स्वतःला झालेला संवेग सांगतो, तडफडणारी माणसे नीट पाहतो आणि मगच हृदयात रुतलेल्या शल्यापाशी येतो. आमच्या कवितेतून हे मधले पाहणेच गळाले आहे. अशा पाहण्याने क्रोध बोथट होईल, अशी शंका काहीजण घेतील. आम्हास तसे वाटत नाही. पोचीरामांना कोणी, का आणि कोणाच्या देखत मारले, हे शांतपणे सांगणारी कविता मारेकऱ्यांना अधिक जड जाते. घोषणेला ते सरावलेले असतात.

परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू पावले. ते कायद्याचे विद्यार्थी होते. त्यांचे शवविच्छेदन याच शहरात झाले. त्यांच्यावरही कविता लिहिल्या गेल्या आणि पुन्हा सूर्य, पुन्हा वादळ. घाटी रुग्णालयापासून नागसेनवन फार दूर नाही. तो शवविच्छेदनाचा अहवाल समोर ठेवून लिहिलेली कविता अद्याप आमच्या वाचनात आलेली नाही.