पाटी न वाचणारा टीकाकार

पुस्तकाला टीकाकार असतो, नाटकाला असतो, चित्रपटालाही असतो. विज्ञान केंद्राला मात्र तो लाभलेला नाही. वर्तमानपत्रात येते ते फार तर उद्घाटनाचे वृत्त. वास्तविक विज्ञान केंद्र हीही एक रचनाच आहे. काही सांगायचे कुणीतरी ठरवलेले असते, त्यासाठी वस्तू निवडलेल्या असतात आणि पाहणाऱ्याने काय करावे हेही आधी योजलेले असते. मग तिचे परीक्षण का होऊ नये? आणि ते कोणी करावे? माझे उत्तर वाचकांना विनोदी वाटेल. ते अडीच-तीन वर्षांच्या मुलाने करावे; कारण त्याला पाटी वाचता येत नाही.

जुन्या बालवाङ्मयात गोष्ट संपली की खाली 'तात्पर्य' येई. गोष्ट रंगलेली असली तर तात्पर्यापूर्वीच मूल उठून खेळायला गेलेले असे, आणि गोष्ट फसलेली असली तर तात्पर्याने ती सावरत नसे. विज्ञान केंद्रातील प्रत्येक वस्तूशेजारची पाटी हे तिचे तात्पर्यच होय. आपण मोठी माणसे आधी पाटी वाचतो, मग वस्तूकडे पाहतो, आणि पाटीत लिहिल्याप्रमाणे घडले म्हणजे 'समजले' असे मानून पुढे सरकतो. लहान मूल थेट वस्तूला भिडते. वस्तूत दम असेल तर ते तिथे रमते, नसेल तर सरळ पाठ फिरवते. इतका निर्भीड टीकाकार आपल्या साहित्यातही विरळा!

'हात लावू नये' हा संग्रहालयांचा सनातन नियम. तो ज्यांनी उलटा केला त्यांत फ्रँक ऑपेनहायमर हे नाव मोठे. अणुबाँबच्या कामात सहभागी असलेला हा शास्त्रज्ञ पुढे राजकीय संशयामुळे विद्यापीठाबाहेर फेकला गेला. त्याने गुरे पाळली आणि एका खेडेगावच्या शाळेत मुलांना शिकवले. त्याच माणसाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' उभारले. तिथे वस्तू हाताळायच्या असत आणि समजावून सांगायला शाळकरी मुलेच असत. आपल्याकडे मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राने १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, मुलांसाठी उघड्यावरचे विज्ञान उद्यान सुरू केले. संपूर्ण केंद्र खुले झाले ते १९८५ साली. आधी मैदान आणि मागाहून इमारत, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आता सोलापूरकरांनाही मुंबई गाठण्याची गरज नाही. नवी पेठेतून निघून पुणे रस्त्याने केगावला गेले की विज्ञान केंद्र भेटते. घरच्या आणि नात्यातल्या चिमुरड्यांना घेऊन मी अशी केंद्रे हिंडलो आहे. बहुतेक ठिकाणी आढळणाऱ्या तीन वस्तूंवर या टीकाकारांचा निकाल काय पडला, तो नोंदवतो.

पहिली वस्तू वेडेवाकडे आरसे. आरसा उभ्या पिंपासारखा फुगलेला असला की माणूस काटकुळा दिसतो, आडव्या पिंपासारखा फुगलेला असला की बुटका. मुलाला पिंपाशी कर्तव्य नसते. ते हात वर करते, आरशातलेही करते. ते वाकते, आरशातलेही वाकते. आपण हललो म्हणून ते हलले, हा शोध त्याला पुन्हा पुन्हा करून पाहायचा असतो. निकाल: उत्तम.

दुसरी वस्तू हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू. झोताची हवा चेंडूला लपेटून वाहते, म्हणून तो बाजूला कलला तरी पुन्हा मध्ये ओढला जातो. माझ्या भाचीच्या मुलाने तो चेंडू किती वेळा काढला आणि ठेवला याची गणती मी सोडून दिली. शेवटी त्याने चेंडूऐवजी स्वतःची टोपी ठेवून पाहिली. ती उडाली. पाटीवर टोपीचा उल्लेख नव्हता. प्रयोग त्याचा स्वतःचा होता. निकाल: सर्वोत्तम.

तिसरी वस्तू म्हणजे समोरासमोर दूर उभ्या केलेल्या दोन मोठ्या तबकड्या. एकीपाशी कुजबुजले तर दुसरीपाशी स्पष्ट ऐकू येते. कल्पना सुंदर, पण आवाज एकवटतो तो मोठ्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. खाली उभ्या मुलाला काहीच ऐकू येत नाही. कडेवर घेतले की त्याचे डोळे विस्फारतात. दोष मुलाच्या बुद्धीचा नसून उंचीचा होता! निकाल: एक पायरी ठेवावी.

खरा अडथळा मात्र निराळाच असतो. मूल रमले की मागून हाक येते, "चल की रे, अजून लई बघायचंय!" तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे असतात. बाहेर पडताना परीक्षा असतेच: "काय शिकलास सांग?" जे हातांना कळले ते तोंडाने सांगण्याइतके शब्द त्या वयाला नसतात. मूल गप्प राहते आणि आपण ठरवतो, याला काही कळले नाही. मोठे झाल्यावर आणू. पेशाने शिक्षक असल्यामुळे या गप्प राहण्याची किंमत मी जाणतो. वर्गात पुढे प्रश्नच न विचारणारी मुले इथूनच घडू लागतात.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख, शिंपले, बिया, पाने यांतून शिक्षणाची साधने केली. ती साधने मुलांना रोज हाती मिळत. विज्ञान केंद्राचे दर्शन मात्र वर्षाकाठी एकदा घडते. म्हणून तिथे पाहायचे ते थोडेच पाहावे आणि घरी आल्यावर परातीत पाणी घेऊन वाटी तरंगवू द्यावी, बुडवू द्यावी.

केंद्रे रचणाऱ्यांना या टीकाकाराच्या वतीने माझे एवढेच सांगणे आहे की, वस्तू आधी पाटीवाचून उभी करून पाहावी आणि एखादे मूल तिच्यापाशी आणावे. ते थांबले तर वस्तू जमली. मग पाटी खुशाल लावावी. ती आम्हा मोठ्यांच्या उपयोगी पडेल. आणि या दिवाळीच्या सुट्टीत केंद्रात जाणाऱ्या आईबापांनी चेंडूपाशी अडलेल्या मुलाचा हात ओढू नये. केंद्रातले सर्वांत मोलाचे काम त्या वेळी तिथेच चाललेले असते.