फिर्याद कोण लिहून घेतं?

दीपा अनाप्पारा यांची 'जिन्न पट्रोल ऑन द पर्पल लाइन' ही कादंबरी २०२० साली आली. इंग्रजी आहे. रिंग खात्यातली रात्रपाळी करून, डिक्शनरी बाजूला ठेवून वाचत होतो. उरलेली रेडीला सुट्टीत संपवली. २०२१ साली तिला एडगर बक्षीस मिळालं. अमेरिकेतले रहस्यकथावाले ते देतात. म्हणजे दुकानात ती सस्पेन्सच्या फळीवर बसणार. दोस्तांनो, आपण तिला तिथून खाली काढू.

गोष्ट उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरातल्या बस्तीची. शेजारी 'हाय-फाय' बिल्डिंगा, त्यांच्यात धुणीभांडी करणाऱ्या बस्तीतल्या आया. वर्गातला तोतरा बहादूर एके दिवशी घरी येत नाही. मग टीव्हीवर पोलिसांच्या मालिका बघून शहाणा झालेला नऊ वर्षांचा जय, त्याची दोस्त परी आणि फैज शोधाला निघतात. एकामागून एक मुलं जातात. फैज म्हणतो, जिन्न नेतात. गुन्हेगार कोण ते मी सांगत नाही. कादंबरीचं खरं रहस्य ते नाहीच.

खरं रहस्य पहिल्या काही पानांतच उलगडतं. बहादूरची आई पोलिसांपुढे उभी आहे. तिच्या गळ्यात सोन्याची साखळी. पोलीस ती साखळी घेतो, पोरगा शोधत नाही, वर बुलडोझरचा धाक घालतो. तक्रार कराल तर घर जाईल. आता एवढ्यावर कसला सस्पेन्स? बस्तीतल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे पुढे काय होणार ते.

इथे मला बाबूराव अर्नाळकर आठवले. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर रेडीला परत आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत बाबासाहेबांचा फोटो आणि खाली अर्नाळकर. काळापहाड, झुंजार, धनंजय-छोटू. हजारावर पुस्तकं लिहिली त्या माणसाने आणि गिरणगावातल्या खोल्याखोल्यांतून ती वाचली गेली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्यांना साहित्यिकांनी दारात उभं केलं नाही त्या कामगारांना त्यांनी वाचायला लावलं. पण पेटीतली जी मी वाचली, त्यांत हार चोरीला जातो तो बंगल्यातला, आणि गुप्तहेर धावतो तोही बंगल्याकडेच. चाळीतला माणूस हरवला म्हणून धनंजय मोटार काढतोय असं काही मला त्या पेटीत सापडलं नाही. वाचणारे चाळीत, हरवणारे बंगल्यात. अनाप्पारांनी हे उलटं केलं. बस्तीचं पोर हरवतं आणि गुप्तहेरही बस्तीचंच पोर.

ही दिल्लीकडची गोष्ट, आपलं काय, असं म्हणू नका. रेडीहून तेरेखोल ओलांडली की गोवा. शेजारी आमचं शिरोडं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं. गोव्यात फोंडा तालुक्यात दुसरं शिरोडं आहे. तिथला एक रिक्षावाला २००९ साली पकडला गेला. १९९४ पासूनच्या १६ बायकांच्या खुनांचे आरोप. काहींत शिक्षा झाली, काहींत सुटला. गरीब घरच्या, लग्न न जमलेल्या बायका. लग्न करतो म्हणायचा, दागिने घालून ये म्हणायचा. पंधरा वर्षं ही नावं कुणी एका दोऱ्यात ओवली नाहीत. दागिने मात्र सराफाकडे पोचले. आमच्या वाडीतली एक काकी यावर म्हणाली, "पोलिसांक सांगान काय उपेग? तेच इचारतले, चेडू कोणावांगडा पळाला." काकीने कादंबरी वाचलेली नाही.

कायदा असा आहे. १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मूल बेपत्ता झालं की गुन्हा नोंदवा. १२ नोव्हेंबर २०१३ ला ललिता कुमारी खटल्यात सांगितलं, दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर लिहिलाच पाहिजे. तो खटलाही एका बापानेच लढवलेला, पळवलेल्या मुलीसाठी. बहादूरच्या आईला हे कोण सांगणार? मोठी बाई गेली तर नुसतं 'मिसिंग' लिहून वही मिटते, हे तर आपण बघतोच. ठाण्यात तिच्यासोबत दोन शिकलेली पोरं उभी राहिली तर साखळी गळ्यातच राहते, हेही बघितलंय.

माझी तक्रार एकच, पण मोठी. लेखिका अकरा वर्षं पत्रकार होती, मुंबई-दिल्लीत हिंडली. बस्तीचा वास, थंडी, धुरकं, नळावरची भांडणं सगळं तिला येतं. धर्म तर तिने धीटपणे घेतला. मुलं गेली की संशय मुसलमानांवर, फैजचा भाऊ तुरुंगात. पण जात? ती मला चिमट्याने शोधावी लागली. बस्तीत कोण कुठल्या ओळीत राहतं, कोणाच्या हातचं पाणी कोण पीत नाही, हे नऊ वर्षांच्या पोराला कळत नाही? आम्हाला तर सहाव्या वर्षी कळलं होतं. जयच्या तोंडी गोष्ट दिली म्हणून हे सुटत नाही. पोराचे डोळे सगळ्यात आधी तेच बघतात.

तरी शेवट तिने भित्रा केला नाही. जयची बहीण रुनू धावपटू. तीही जाते, आणि सापडत नाही. अर्नाळकरांच्या वाचकाने लायब्ररीवाल्याकडे पैसे परत मागितले असते. घरात तिचे कपडे आहेत, तिची जागा आहे. जय आता डिटेक्टिव्हच्या मालिका बघत नाही.